उन्हाळ्यात खडखडणारा, थंडीत ट्रिप होणारा पंप: जादा वीज खाण्याच्या एका तक्रारीचा माग

कृष्णाकाठच्या एका सहकारी उपसा सिंचन संस्थेचं हे प्रकरण. संस्थेचं नाव देत नाही. नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर त्यांनी सगळे कागद माझ्यासमोर ठेवले होते.

तक्रार थोडक्यात अशी. जॅकवेलवर (नदीचं पाणी घेणाऱ्या काठावरच्या विहिरीवर) दोन नवे पंप बसवले होते, एक चालता आणि एक राखीव. दोन्ही आडवे स्प्लिट केस (केसिंग मधोमध उघडणारे), वेग मिनिटाला १४८० फेरे, प्रत्येकावर ७५ किलोवॅटची म्हणजे १०० एचपीची मोटर. पंपाच्या पाटीवर सेकंदाला १०० लिटर आणि ५२ मीटर हेड (पाणी चढवण्याची उंची, वाटेतलं घर्षण धरून). बसवल्यापासून ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा) ट्रिप होत होता, बिल जुन्या पंपांपेक्षाही जास्त येत होतं आणि पहिल्याच वर्षी एक मोटर जळाली होती.

मी पोचेपर्यंत बरंच काही करून झालं होतं. जळालेली मोटर रिवाइंड केली होती. ग्लँडची दोरी दोनदा बदलली होती. बेअरिंग नवी घातली होती. मधल्या काळात कुणीतरी रिलेचं सेटिंग वाढवून ठेवलं होतं, आणि मोटर जळाली ती त्यानंतरच. रिले त्रास देत नव्हता, तो सांगत होता. त्याचं तोंड बंद केलं तेव्हा वाइंडिंगनं किंमत मोजली. शेवटी कपॅसिटर बसवून पाहिले. कपॅसिटरनं मीटरपर्यंतचा पॉवर फॅक्टर सुधारतो, मोटरच्या शाफ्टवरचा भार तसूभरही हलत नाही, त्यामुळे तिथंही काही फरक पडायचा प्रश्न नव्हता.

या सगळ्यात एक गोष्ट कुणी लक्षात घेतली नव्हती. दोन्ही पंप सारखेच वागत होते. राखीव पंप सुरू केला तरी तेवढेच ॲम्पिअर. एका यंत्रात दोष असता तर दुसरं यंत्र वेगळं वागलं असतं. दोन्ही यंत्रं एकाच प्रकारे आजारी असतील तर आजार बहुधा यंत्राबाहेर असतो. पहिल्या अर्ध्या तासात मनात आलेला हा विचार शेवटपर्यंत टिकला.

पण खरा धागा दिला तो ऑपरेटरनं. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. चहा पिताना ते म्हणाले, “साहेब, ह्यो पंप उन्हाळ्यात खडखडतोय आन् थंडीत टिरिप मारतोय. एका पंपाला दोन आजार कसं?”

मी त्यांची वही मागितली. जुन्या पद्धतीची, हातानं रेघा मारलेली लॉगबुक. त्यात तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, ॲम्पिअर आणि ट्रिप झाला तर लाल शाईनं फुली. गेजचा (दाबमापकाचा) रकाना नव्हता, कारण गेज कधीच बंद पडला होता आणि त्याचा काटा कायम एका जागी होता. फुल्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दाट, एप्रिल-मे महिन्यांत विरळ. मे महिन्यात १३० च्या आसपास ॲम्पिअर, डिसेंबरात १३४-१३५. मोटरच्या पाटीवर पूर्ण भाराचा करंट १२४. सकाळी आसपासच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज ३८५ पर्यंत उतरायचं, करंट १४० च्या वर जायचा आणि रिले पडायचा. म्हणून सगळ्यांनी दोष व्होल्टेजला दिला होता. व्होल्टेज उतरल्यानं करंट वाढतो हे खरंच आहे, पण ४१० व्होल्टला सुद्धा मोटर पाटीपेक्षा जास्तच घेत होती. व्होल्टेज ही शेवटची काडी होती, ओझं आधीच चढलेलं होतं.

थंडीत आणि उन्हाळ्यात काय बदलतं? नदीची पातळी. खालच्या बाजूला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) टाकतात, पाणी फुगतं आणि जॅकवेलमधली पातळी वर येते. मे महिन्यात तीच पातळी सुमारे ३ मीटर खाली जाते. म्हणजे पाणी वर असताना, पंपाला कमी उचलावं लागत असताना, मोटर जास्त वीज घेत होती.

हे चेअरमनना पटेना, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे पाणी उचलण्याची कल्पना मोटेवरून आलेली आहे. मोटेचं माप ठरलेलं. विहिरीत पाणी वर आलं की बैलांचे कष्ट कमी. सेंट्रिफ्युगल पंपाचं माप ठरलेलं नसतं. उंची कमी झाली की हा पंप मोटच मोठी करतो. पाणी इतकं जास्त ओढतो की उंचीतली बचत त्यात बुडून जाते, आणि वर त्याची कार्यक्षमताही घसरते. अशा रेडियल प्रवाहाच्या (पाणी मध्यातून कडेला फेकणाऱ्या) पंपात डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला बाहेर पडणारं पाणी, वाढेल तशी शाफ्टवरची शक्ती वाढत जाते. कमी हेड म्हणजे कमी भार, हा समज या पंपांच्या बाबतीत उलटा पडतो.

पण हे सगळं अजून तर्काच्या पातळीवर होतं. दुसऱ्या दिवशी मोजमापं घेतली.

आधी विजेची बाजू, कारण ती बाजूला सारल्याशिवाय कुणी पुढचं ऐकलं नसतं. कपलिंगच्या पिना काढल्या आणि मोटर एकटी फिरवली. ३८ ॲम्पिअर, तिन्ही फेज जवळपास सारखे, आवाज स्वच्छ. रिवाइंडिंग ठीक होतं. पंपाचा शाफ्ट हातानं फिरवला, कुठं अडखळला नाही. कपलिंग जोडून पंप सुरू केला: व्होल्टेज ४०८, करंट १३४, पॉवर मीटरवर ८३ किलोवॅट, टॅकोमीटरवर १४८० च्या आसपास, फिरण्याची दिशा केसिंगवरच्या बाणाप्रमाणे. इतकंच. विजेच्या बाजूला यापुढे शोधण्यासारखं काही नव्हतं.

मग पाण्याची बाजू. इथं मात्र सावकाश जावं लागतं.

दाब मोजण्यासाठी मी माझे तपासलेले गेज नेले होते. डिलिव्हरीला (पाणी बाहेर पडतं त्या बाजूला) ३.४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ३४ मीटर. सक्शनला (पाणी ओढलं जातं त्या बाजूला) व्हॅक्यूम गेजवर पाऱ्याचे १३५ मिलिमीटर, म्हणजे १.८ मीटर. दोन गेजांच्या उंचीतला फरक अर्धा मीटर, वेगाच्या हेडमधला फरक ०.२ मीटर. बेरीज ३६.५ मीटर. पाटीवर ५२ लिहिलंय आणि पंप ३६.५ वर चाललाय.

डिस्चार्ज मोजायला तिथं फ्लोमीटर नव्हता. वर टेकाडावरच्या वितरण हौदाचं माप घेतलं, आतला तळ ६ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे ३० चौरस मीटर. पाटांची दारं बंद करून ३ मिनिटांत पाणी किती चढतं ते पाहिलं: ८७ सेंटिमीटर. ३० गुणिले ०.८७ म्हणजे २६.१ घनमीटर, भागिले १८० सेकंद. सेकंदाला १४५ लिटर. पाईप हौदात वरून पडतो, त्यामुळे हौदातली पातळी वाढल्यानं पंपाचं हेड बदलत नाही. तसं नसतं तर ही पद्धत चालली नसती. हौद आणि मनगटी घड्याळ असेल तर डिस्चार्ज मोजता येतो. मीटर नाही म्हणून डिस्चार्ज माहीत नाही, ही सबब मी कुणाकडूनच मान्य करत नाही.

आता हिशेब जमतो. पाण्याला मिळालेली शक्ती म्हणजे ९.८१ गुणिले ०.१४५ गुणिले ३६.५, सुमारे ५२ किलोवॅट. मोटरनं घेतले ८३. मोटरची कार्यक्षमता ९४ टक्के धरली तर शाफ्टवर ७८ किलोवॅट; मोटर ७५ ची. पंपाची कार्यक्षमता साधारण ६६ टक्के निघते. कंपनीच्या कर्ववर (पंप किती पाण्याला कसा चालतो त्या आलेखावर) १०० लिटरला ८० टक्के होती. पंप आपल्या सर्वोत्तम बिंदूच्या जवळजवळ दीडपट पाण्यावर पळत होता.

तरीही एक शंका उरते. पंप आतून झिजला असेल, वेअर रिंगांतून (आतली फट अरुंद ठेवणाऱ्या कड्यांतून) पाणी मागं फिरत असेल, तरी कार्यक्षमता घसरते आणि हेड कमी दिसतं. हे वेगळं काढायला सोपी कसोटी आहे: डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दाब पाहायचा. मी हे म्हटल्यावर वायरमन दोन पावलं मागं सरकला. “व्हॉल्व्ह बंद केला तर मोटर जळंल, साहेब.” ही भीती मला फार ठिकाणी भेटते. व्हॉल्व्ह बंद केला की या पंपाचा भार उतरतो. म्हणूनच तो बंद व्हॉल्व्हवर सुरू करायचा असतो. दोन पथ्यं मात्र पाळायची. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही, कारण आतलं पाणी तापतं. आणि ॲक्सियल प्रवाहाच्या, प्रॉपेलरसारख्या पंपावर हा प्रयोग कधीही करायचा नाही. तिथं बंद व्हॉल्व्हवर भार खरोखरच वाढतो. वायरमनची भीती कदाचित तसल्याच एखाद्या पंपावरून आली असेल.

व्हॉल्व्ह हळूहळू बंद केला. ॲम्पिअर उतरू लागले तसे सगळे टाँग टेस्टरभोवती (करंट मोजणाऱ्या चिमट्याभोवती) गोळा झाले. पूर्ण बंद असताना गेज ६.४ वर. सगळं मिळून ६६ मीटरच्या जवळ, कंपनीच्या कर्वशी जुळणारं. म्हणजे इम्पेलर (पंपातलं पात्यांचं फिरतं चाक) पूर्ण व्यासाचा, वेग बरोबर, रिंगा शाबूत. पंप पूर्णपणे निरोगी होता.

मग व्हॉल्व्ह उघडत उघडत गेजवर ५.० आणला. करंट ११० वर स्थिर, ६८ किलोवॅट, हौदात ३ मिनिटांत ६० सेंटिमीटर, म्हणजे बरोबर १०० लिटर. पाटीवर लिहिलेलं सगळं खरं होतं. फक्त ५२ मीटरचा हा बिंदू त्या जागेवर निसर्गतः नव्हताच. तो व्हॉल्व्ह आवळून तयार करावा लागत होता.

आबांच्या दुसऱ्या आजाराचं उत्तरही यातच होतं. पंप १४० लिटरच्या पुढं पळतो तेव्हा त्याला सक्शनला जास्त दाब लागतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाण्याच्या १०.३ मीटरइतका, इथं उंचीमुळे तो अर्धा-पाऊण मीटर कमी. थंडीत पाणी पंपाच्या मध्यरेषेखाली १ मीटर असतं, तेव्हा निभावतं. मे महिन्यात ते ४ मीटर खाली जातं. फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाईपच्या तळाची झडप) आणि पाईपमधलं नुकसान वजा करून हातात साडेचार मीटर उरतात, आणि कर्वप्रमाणे या पंपाला तेवढ्या पाण्यावर साडेपाच लागतात. मग पाण्याचे बुडबुडे होऊन इम्पेलरवर फुटतात आणि केसिंगमध्ये खडे टाकल्यासारखा आवाज येतो. थंडीत ट्रिप, उन्हाळ्यात खडखड: दोन्हीचं मूळ एकच, गरजेपेक्षा फार जास्त पाणी.

चूक कुठं झाली

यासाठी कपाटातले कागद काढले. पंपांचा अंदाज करताना स्थिर उंची ३० मीटर धरली होती, मे महिन्यातल्या पातळीपासून हौदापर्यंत. ती बरोबर होती. जुनी मेन पाईपलाईन ११०० मीटर लांब, ३०० मिलिमीटरची बिडाची, आतून गंजानं आणि थरांनी खरबरीत झालेली. तिच्यातलं घर्षण १०० लिटरला १४ मीटर धरलं होतं, तेही योग्य. पंपघरातलं नुकसान २ मीटर. बेरीज ४६. मग त्यावर ‘हेड थोडं जास्तच असू द्या’ म्हणून ५२.

त्यानंतर काही महिन्यांनी पाईपलाईन बदलण्याचा वेगळा अंदाज झाला. वेगळ्या माणसानं केला, वेगळ्या निधीतून. नवी लाईन ३५० मिलिमीटरची, आतून गुळगुळीत. तेवढ्याच पाण्याला तिच्यातलं घर्षण ३ मीटर. वाकणं आणि व्हॉल्व्ह धरून एकूण ४.५ मीटर. म्हणजे १०० लिटरसाठी उन्हाळ्यात लागतात ३४.५ मीटर, बंधारा भरल्यावर ३१.५. पंप ५२ चा. दोन्ही अंदाज आपापल्या जागी नीट केलेले होते, पण ते एका टेबलावर शेजारी शेजारी कुणी ठेवले नव्हते. पाईपलाईन सुधारल्याचा फायदा बिलात दिसायला हवा होता. तो पंपानं जास्तीचं पाणी आणि उष्णता करून खाऊन टाकला.

आणि सुरक्षिततेसाठी म्हणून वाढवलेल्या त्या ६ मीटरांबद्दल मला मनापासून राग आहे. पाणी वर पोचलं नाही तर अंदाज करणाऱ्याला बोल लागतो, जास्त पोचलं तर कुणी विचारत नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या हातून थोडं वाढवतो. त्या वाढीव मीटरांचं बिल पुढची वीस वर्षं शेतकरी भरतो.

उपाय

व्हॉल्व्ह आवळून ठेवला तर ट्रिपिंग त्याच दिवशी थांबतं. आम्ही तात्पुरतं तेच केलं, गेज ५.० वर ठेवून स्पिंडलवर रंगाची खूण केली. पण यात समाधान मानू नये. व्हॉल्व्ह उघडा असताना हजार घनमीटर पाण्याला १५९ युनिट लागत होते, आवळल्यावर १८९. मोटर वाचली, पाणी महागलं. करंट कमी झाला म्हणजे वीज वाचली असं समजून लोक इथंच थांबतात.

एका विक्रेत्यानं व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) सुचवला होता. वाईट सल्ला नव्हता. पण इथं एकूण हेडमधला मोठा भाग स्थिर उंचीचा आहे, घर्षण थोडं. वेग एकदाच नऊ-दहा टक्के कमी करायचा आणि वर्षभर जवळपास तिथंच ठेवायचा. जे काम एकदाच करायचं ते लेथवर फार कमी पैशात होतं.

म्हणून इम्पेलर कापायचा ठरलं. चेअरमन बराच वेळ गप्प बसले. “नवा कोरा इम्पेलर कापायचा? आणि पाणी कमी झालं तर सभासदांना काय सांगू?” मी त्यांना पाटावर घेऊन गेलो. पाट १०० लिटरला बांधलेले. १४५ लिटर सोडल्यावर हौद भरून वाहत होता आणि पहिल्या पाटाचा भराव दोन ठिकाणी खचला होता. जास्तीचं पाणी पिकापर्यंत पोचतच नव्हतं, वाटेत नाल्यात जात होतं. ते पाहिल्यावर चेअरमन म्हणाले, “एकाच पंपाचा कापा. दुसरा तसाच ठेवू.” ही अट मला रास्त वाटली.

इम्पेलरचा व्यास ४३० मिलिमीटर होता. पंप उघडला तेव्हा पात्यांच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक खड्डे दिसले, बुडबुड्यांनी खाल्लेले. हिशेबानं ३९० पर्यंत जायचं होतं, पण एका दमात जायचं नाही. व्यास कमी केला की हेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतं असं सूत्र सांगतं. प्रत्यक्षात ते अनेकदा सूत्रापेक्षा थोडं जास्तच उतरतं. कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून आधी ४०५, चाचणी, मग ३९०. दोन्ही वेळा इम्पेलर शाफ्टवर घालून तोल साधून घेतला. तो न साधता बसवला असता तर वीज वाचून बेअरिंग गेली असती.

बंधाऱ्याची पातळी जवळपास सारखी असतानाची मोजमापं अशी आली:

| स्थिती | डिलिव्हरी गेज | ॲम्पिअर | किलोवॅट | लिटर/सेकंद | हजार घनमीटरला युनिट |
|---|---|---|---|---|---|
| मूळ, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा | ३.४ | १३४ | ८३ | १४५ | १५९ |
| मूळ, व्हॉल्व्ह आवळून | ५.० | ११० | ६८ | १०० | १८९ |
| इम्पेलर ४०५, पूर्ण उघडा | ३.२५ | ११० | ६८ | १३० | १४५ |
| इम्पेलर ३९०, पूर्ण उघडा | ३.१ | ९७ | ५९ | १२१ | १३५ |

दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून पाहा. ॲम्पिअर तेच, किलोवॅट तेच, पण पाणी १०० ऐवजी १३०. तीस लिटरचा हा फरक आधी व्हॉल्व्हच्या फटीत जळत होता.

आणखी खाली, ३७० पर्यंत गेलो असतो तर पाणी १०० लिटरवर येऊन आणखी थोडी वीज वाचली असती. मी थांबलो. काप १४ टक्क्यांवर गेला असता आणि तेवढ्या कापानंतर या इम्पेलरची कार्यक्षमता कशी राहील याची खात्री मला देता येत नव्हती. शिवाय नवी लाईनही कधीतरी जुनी होणार; १२१ लिटरमध्ये त्याची जागा आहे. हजार घनमीटरमागं २४ युनिट वाचले. वर्षाला १० लाख घनमीटर उपसा धरला तर २४ हजार युनिट, एका पंपाच्या इम्पेलरवरच्या लेथच्या कामातून.

मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना, मी परत गेलो. करंट ९४, हौदात ३ मिनिटांत ६९ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११५ लिटर. खडखड जवळपास गेली होती. केसिंगला कान लावला तर अगदी बारीक सरसर ऐकू यायची. आबांच्या वहीत हिवाळ्यानंतर एकही लाल फुली नव्हती आणि ॲम्पिअरच्या शेजारी त्यांनी गेजसाठी दोन रकाने आखले होते, एक डिलिव्हरीचा, एक सक्शनचा. राखीव पंप अजून ४३० चाच होता. चेअरमननी त्याचा इम्पेलर गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवून दिला होता. त्याच दुपारी तो लेथवर गेला.